ठराव २४२ : गाळलेला 'द' आणि न घेतलेलं नाव

मागच्या आठवड्यात भाचीने तिच्या क्लासच्या नोट्सच्या एका पानाचा फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, मावशी हे एकदा बघशील का, मराठी जरा विचित्र वाटतंय. ती स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय आणि मी पोटापाण्यासाठी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते, त्यामुळे असं काही आलं की ते माझ्याकडेच येतं. विषय होता संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक २४२. नोट्समधलं वाक्य असं होतं : 'इस्रायलने १९६७ च्या युद्धात व्यापलेल्या सर्व प्रदेशांतून माघार घ्यावी व पॅलेस्टिनी निर्वासितांच्या प्रश्नावर न्याय्य तोडगा काढावा.'

मराठी ठीकच होतं तसं. पण 'सर्व' शब्दावर मी थांबले. तो मूळ ठरावात नाहीये हे मला पक्कं माहीत होतं, कारण या एका शब्दावरून गेली जवळपास साठ वर्षं भांडण चालू आहे. तिला लगेच कळवलं की 'सर्व' काढ. तिचा उलट प्रश्न आला, मग 'काही' लिहू का? मी म्हटलं नाही, 'काही' पण नाहीये. मग आहे काय? आणि इथून पुढे माझे दोन दिवस गेले, ठराव परत वाचला, तेव्हाची भाषणं परत वाचली, आणि हे सगळं नीट लिहून काढावंसं वाटलं.

ठराव आहे २२ नोव्हेंबर १९६७ चा. अगदी छोटा, छापला तर एक पान. त्यातली माघारीची ओळ देवनागरीत लिहायची तर अशी आहे : 'विथड्रॉवल ऑफ इस्रायल आर्म्ड फोर्सेस फ्रॉम टेरिटरीज ऑक्युपाइड इन द रीसेंट कॉन्फ्लिक्ट', म्हणजे अलीकडच्या संघर्षात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायली सैन्याची माघार. नीट बघा, 'रीसेंट कॉन्फ्लिक्ट'च्या आधी 'द' आहे आणि 'टेरिटरीज'च्या आधी नाहीये. इंग्रजीत 'द' असता तर अर्थ झाला असता 'ते, त्या युद्धात व्यापलेले प्रदेश', म्हणजे सगळे. 'द' नसल्यामुळे दोन अर्थ निघतात, सगळे प्रदेश असाही निघतो आणि त्यांपैकी काही प्रदेश असाही काढता येतो.

आता आपली अडचण अशी की मराठीत 'द'सारखं उपपद हे प्रकरणच नाही. 'पाहुणे आले' म्हटलं की यायचे होते ते सगळे आले की चार जण आले हे वाक्यातून कळत नाही, आधीचं बोलणं माहीत असेल तर कळतं. त्यामुळे मराठीत 'व्यापलेल्या प्रदेशांतून माघार' एवढंच लिहिलं की ते इंग्रजीपेक्षाही जास्त मोघम होतं, कारण इंग्रजीत निदान 'इथे एक शब्द असू शकला असता आणि तो नाहीये' हे दिसतं तरी. गाळलेली गोष्ट दिसायला आधी तिची जागा असावी लागते, आणि मराठीत ती जागाच नाही. रशियन भाषेतही उपपदं नाहीत, आणि या ठरावावर घासाघीस करणाऱ्या दोन महासत्तांपैकी एक सोव्हिएत युनियन होती, हे मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ त्यावरच विचार करत बसले होते.

थोडं मागे जाऊन सांगते, म्हणजे हे कशासाठी चाललं होतं ते कळेल. मे १९६७ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांनी सिनाईत सैन्य आणलं, संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना काढून घ्यायला लावली आणि तिरानची सामुद्रधुनी इस्रायली जहाजांना बंद केली. त्या शांतिसेनेचे प्रमुख भारताचे मेजर जनरल इंदर जित रिखी होते आणि गाझात भारतीय तुकडी होती, ती परत निघायच्या तयारीत असतानाच ५ जूनला युद्ध सुरू झालं आणि त्यात आपले काही जवान मारले गेले. ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नसते, गाझा म्हटलं की आपला काय संबंध असं वाटतं, पण तिथल्या मातीत भारतीय सैनिकांच्या कबरी आहेत. असो. ५ जूनला इस्रायलने इजिप्तचे विमानतळ उद्ध्वस्त केले आणि सहा दिवसांत सगळं संपलं. इजिप्तकडून सिनाई आणि गाझा पट्टी, जॉर्डनकडून पूर्व जेरुसलेमसकट वेस्ट बँक आणि सीरियाकडून गोलान टेकड्या, एवढा सगळा भाग इस्रायलच्या हातात आला.

मग संयुक्त राष्ट्रांत बोलणी सुरू झाली ती पाच महिने चालली. जून-जुलैमध्ये आमसभेचं तातडीचं अधिवेशन झालं, त्यातून काही निघालं नाही. १ सप्टेंबरला सुदानमधल्या खार्टूममध्ये अरब देशांनी जाहीर केलं की इस्रायलशी शांतता नाही, इस्रायलला मान्यता नाही आणि इस्रायलशी वाटाघाटी नाहीत. इकडे इस्रायलचं म्हणणं की आधी समोरासमोर बसून करार करा, मग जमिनीचं बघू. अरब म्हणणार आधी जमीन सोडा. नोव्हेंबरात सुरक्षा परिषदेत मसुदे यायला लागले. त्यातला एक भारत, माली आणि नायजेरिया यांनी मिळून दिला होता, भारत तेव्हा परिषदेचा अस्थायी सदस्य होता. त्या मसुद्यात स्पष्ट लिहिलं होतं की इस्रायली सैन्याने व्यापलेल्या 'सर्व' प्रदेशांतून माघार घ्यावी. म्हणजे भाचीच्या नोट्समधला 'सर्व' हा खरं तर आपल्याच मसुद्यातला शब्द! पण त्या मसुद्याला पुरेशी मतं मिळणार नव्हती आणि अमेरिकेचा वेगळा मसुदा होता त्यालाही नाही. शेवटी ब्रिटनचे प्रतिनिधी लॉर्ड कॅरॅडॉन यांनी १६ नोव्हेंबरला आपला मसुदा मांडला.

या कॅरॅडॉनबद्दल थोडं सांगायलाच पाहिजे. त्यांचं मूळ नाव ह्यू फूट. तरुणपणी ब्रिटिश राजवटीत ते पॅलेस्टाइनमध्येच अधिकारी होते, नाब्लुसमध्ये त्यांनी काम केलं होतं. नाब्लुस म्हणजे वेस्ट बँकमधलं शहर, जे १९६७ च्या जूनमध्ये इस्रायलच्या ताब्यात गेलं. म्हणजे ज्या जमिनीबद्दल ते ठराव लिहीत होते ती त्यांनी पायी फिरून पाहिलेली होती, तिथली माणसं त्यांच्या ओळखीची होती. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे गाळलं गेलं ते नकाशा न पाहिलेल्या माणसाकडून गाळलं गेलेलं नाही.

मतदान २० तारखेला, सोमवारी व्हायचं होतं. सोव्हिएत युनियनचे कुझ्नेत्सॉव्ह यांनी दोन दिवस मागून घेतले, स्वतःचा एक मसुदाही मांडला, सगळ्यांना वाटलं आता हे फिसकटतंय. पण बुधवारी २२ तारखेला त्यांनी ब्रिटिश मसुद्याच्या बाजूने हात वर केला आणि स्वतःच्या मसुद्यावर मतदानाचा आग्रह धरला नाही. पंधरापैकी पंधरा मतं. शीतयुद्धाच्या ऐन भरात, व्हिएतनाममध्ये युद्ध चालू असताना, अमेरिका आणि सोव्हिएत युनियन एका कागदावर एकत्र आले. ही छोटी गोष्ट नव्हती हे मान्यच करायला हवं.

पण ते एकत्र कशामुळे आले? 'द' नसल्यामुळेच. सोव्हिएतांनी आणि अरब देशांनी 'सर्व' किंवा निदान 'द' घालायचा खूप प्रयत्न केला होता, अमेरिका आणि ब्रिटन हटले नाहीत. 'द' घातला असता तर इस्रायलने ठराव मानला नसता आणि अमेरिका पाठीशी उभी राहिली नसती. 'काही' किंवा 'जे ठरतील ते' असं घातलं असतं तर अरबांनी आणि सोव्हिएतांनी फेटाळला असता. म्हणून तिथे काहीच घातलं नाही आणि प्रत्येकाने आपापल्या डोक्यात तो शब्द घातला. मतदानाच्या दिवशीच भारताचे प्रतिनिधी जी. पार्थसारथी यांनी परिषदेत सांगून टाकलं की आमच्या समजुतीप्रमाणे हा ठराव सर्व प्रदेशांतून संपूर्ण माघारीचं तत्त्व मानतो, आणि 'सर्व प्रदेश' हे त्यांनी पुन्हा उच्चारून सांगितलं. फ्रान्सचे बेरार म्हणाले की फ्रेंच मजकूर इंग्रजीइतकाच अधिकृत आहे आणि त्यात कसलीही संदिग्धता नाही. फ्रेंचमध्ये 'दे तेरितोआर' असं आहे, आणि त्या 'दे' मध्ये उपपद व्याकरणानेच मिसळलेलं असतं, म्हणजे फ्रेंचमध्ये 'द' आहे! इस्रायलचे परराष्ट्रमंत्री अब्बा एबन यांचं म्हणणं की आमच्यासाठी ठरावात जे लिहिलंय तेच आहे, त्यापलीकडे कोणी काय समजतो याच्याशी आमचा संबंध नाही. आणि खुद्द कॅरॅडॉन म्हणाले की आपल्यावर बंधन आहे ते फक्त ठरावाचं आणि त्याची शब्दरचना स्पष्ट आहे. एकाच खोलीत, एकाच दुपारी, हे सगळं.

मला इथे प्रामाणिकपणे सांगायचंय की वीस-बावीस वर्षांची असताना मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला भयंकर राग आला होता. शब्दांशी खेळ करून लोकांच्या जमिनीचा प्रश्न लोंबकळत ठेवला असं वाटलं होतं. आता तेवढा राग येत नाही, कारण इतकी वर्षं भाषांतर केल्यावर कळतं की करारातलं मोघम वाक्य हे कधीकधी आळशीपणातून आलेलं नसतं, ते दोन्ही बाजूंना सही करता यावी म्हणून घाम गाळून तसं केलेलं असतं. आणि कॅरॅडॉन यांनी पुढे स्वतःहून सांगितलं की त्यांनी तो शब्द जाणीवपूर्वक टाळला, कारण ४ जून १९६७ ची रेषा ही काही नीट ठरवलेली सरहद्द नव्हती, १९४८-४९ मध्ये लढाई थांबली तेव्हा सैन्य जिथे उभं होतं तिथून काढलेली ती शस्त्रसंधी रेषा होती, त्यात कायमची सीमा करताना थोडेफार बदल लागणारच. हे खरंही आहे. त्या रेषेने कित्येक गावांची घरं एका बाजूला आणि शेतं दुसऱ्या बाजूला गेली होती. १९४९ च्या शस्त्रसंधी करारांतही लिहिलं होतं की ही राजकीय सीमा समजू नये.

पण किरकोळ फेरफाराला जागा ठेवणं वेगळं आणि ती जागा किती मोठी हे न सांगणं वेगळं. तिथे ठराव कमी पडला. अमेरिकेने तेव्हा जॉर्डनच्या राजे हुसेनना खासगीत दिलासा दिला होता की वेस्ट बँक तुम्हाला परत मिळेल, किरकोळ बदल सोडता. खासगीतला शब्द आणि ठरावातला शब्द यात जमीनअस्मानाचा फरक असतो, कारण खासगीतल्या शब्दाचा पुढच्या सरकारला काहीच त्रास होत नाही.

आणि एक गोष्ट मला नेहमी खटकते की सगळी चर्चा त्या एका ओळीभोवती फिरते आणि प्रस्तावनेतलं वाक्य कोणी वाचत नाही. युद्धाने प्रदेश मिळवणं स्वीकारार्ह नाही, असं प्रस्तावनेत सरळ लिहिलंय. तिथे उपपदाचा प्रश्न नाही, काही-सर्व असा प्रश्न नाही. युद्धाने मिळवलेला प्रदेश स्वीकारार्ह नसेल तर 'काही' प्रदेश ठेवून घेणं कुठल्या नियमात बसतं? लायब्ररीत पाटी असते ना, 'घरी नेलेली पुस्तकं परत करावीत', त्यात 'सर्व' लिहिलेलं नसतं, पण म्हणून कोणी पाचातली तीन परत करून नियम पाळला असं म्हणत नाही. माझं स्वतःचं मत याच बाजूचं आहे, लपवण्यात अर्थ नाही. अर्थात दुसरी बाजू म्हणेल की त्याच ठरावात पुढे प्रत्येक देशाला 'सुरक्षित आणि मान्य सीमां'च्या आत शांततेत जगायचा हक्क आहे असंही लिहिलंय, आणि जुनी रेषा सुरक्षित नव्हती, मान्य तर मुळीच नव्हती. हेही ठरावातच आहे आणि इस्रायलच्या लोकांनी मे १९६७ मध्ये जी भीती अनुभवली ती खोटी नव्हती. ठराव म्हणतो दोन्ही तत्त्वं लागू व्हावीत. आधी कुठलं हे म्हणत नाही.

मग ठरावाचं पुढे काय झालं? अंमलबजावणीसाठी संयुक्त राष्ट्रांनी एक विशेष प्रतिनिधी नेमला, स्वीडनचे गुन्नार यारिंग. हे तेव्हा मॉस्कोत स्वीडनचे राजदूत होते आणि मुळात भाषातज्ज्ञ होते, उइघुर भाषेचे मोठे अभ्यासक! माझ्यासारखीला हे वाचून फारच आपलेपणा वाटला. सायप्रसमध्ये ऑफिस थाटून ते कैरो, अम्मान, जेरुसलेम अशा फेऱ्या मारत राहिले. फेब्रुवारी १९७१ मध्ये त्यांनी इजिप्त आणि इस्रायल दोघांना लेखी प्रश्न पाठवले. इजिप्तने उत्तर दिलं की माघार झाली तर आम्ही इस्रायलशी शांतता करार करायला तयार आहोत, आणि खार्टूमनंतर अवघ्या साडेतीन वर्षांत हे म्हणणं म्हणजे केवढं मोठं पाऊल होतं. इस्रायलने त्याचं स्वागत केलं पण लिहिलं की ५ जून १९६७ पूर्वीच्या रेषेपर्यंत इस्रायल मागे जाणार नाही. तिथे यारिंग यांचं काम अडकलं ते अडकलंच. म्हणजे १९६७ मध्ये न लिहिलेला 'द' १९७१ मध्ये पूर्ण वाक्य होऊन समोर आला.

ऑक्टोबर १९७३ मध्ये परत युद्ध. त्या युद्धात किती हजार माणसं गेली याचा हिशोब त्या यारिंगच्या अडकलेल्या कागदाशी जोडावा की नाही यावर इतिहासकार भांडतात, मला तरी तो जोडल्याशिवाय राहवत नाही. २२ ऑक्टोबर १९७३ ला ठराव ३३८ आला, त्यात म्हटलं की लढाई थांबवा आणि २४२ ची सगळ्या भागांसकट अंमलबजावणी सुरू करा. सुएझ कालवा १९६७ च्या जूनपासून बंद होता तो ५ जून १९७५ ला उघडला, आठ वर्षं जहाजं त्या कालव्यातल्या सरोवरात अडकून पडली होती, त्यांच्यावर वाळू साचून पिवळी पडली.

आणि मग ठराव कामाला आला, हेही सांगायला हवं. अमेरिकेच्या मध्यस्थीने इजिप्त आणि इस्रायलमध्ये झालेला कॅम्प डेव्हिडचा समझोता सप्टेंबर १९७८, इजिप्त-इस्रायल करार २६ मार्च १९७९, दोन्हीचा पाया २४२. २५ एप्रिल १९८२ पर्यंत इस्रायल सिनाईतून बाहेर पडला. फक्त 'ताबा' नावाच्या ठिकाणचा समुद्रकिनारा राहिला, साधारण एक चौरस किलोमीटरचा तुकडा, सीमेचा खांब नेमका कुठे होता यावरून वाद. त्या तुकड्यासाठी आंतरराष्ट्रीय लवाद बसला, जुने नकाशे, जुने फोटो, जुने खांब सगळं तपासलं, सप्टेंबर १९८८ मध्ये निकाल इजिप्तच्या बाजूने गेला आणि मार्च १९८९ मध्ये इस्रायलने तो किनाराही सोडला. मला ही गोष्ट फार आवडते. दोन देश तीन-चार युद्धं लढलेले, आणि शेवटचा एक चौरस किलोमीटर त्यांनी कागदपत्रांवर सोडवला. इजिप्तच्या बाबतीत 'सर्व' म्हणजे सर्वच झालं, खांबापर्यंत मोजून.

इथेच इस्रायलच्या बाजूने एक युक्तिवाद करतात की १९६७ मध्ये घेतलेल्या जमिनीतला साधारण ९० टक्के भाग तर सिनाईच होता, म्हणजे 'प्रदेशांतून' माघार झालीच की. क्षेत्रफळाने ते बरोबर आहे. पण सिनाई वाळवंट आहे, तिथे वस्ती तुरळक. माणसं होती वेस्ट बँकमध्ये आणि गाझात. चौरस किलोमीटर मोजून माणसांचा प्रश्न सुटत नाही.

हे सगळं मी भाचीला फोनवर सांगत होते, आणि तिने मधेच विचारलं, मावशी, पण या ठरावात पॅलेस्टाइन कुठे आहे?

मी गप्प झाले. कारण नाहीये. आख्ख्या ठरावात पॅलेस्टाइन हा शब्द नाही, पॅलेस्टिनी हा शब्द नाही. इस्रायलचं नाव आहे, 'त्या भागातला प्रत्येक देश' आहे, आंतरराष्ट्रीय जलमार्ग आहेत, निर्लष्करी पट्टे आहेत आणि आहे फक्त 'निर्वासितांच्या प्रश्नाचा न्याय्य तोडगा'. कुठले निर्वासित ते लिहिलेलं नाही. १९४८ मध्ये सात लाखांच्या आसपास माणसं घरदार सोडून गेली होती, १९६७ मध्ये आणखी साधारण तीन लाख, त्यातले कित्येक तर दुसऱ्यांदा बेघर झालेले, आणि ठरावात ते एक नाव नसलेला 'प्रश्न' झाले. नाव नसल्यामुळे पुढे असंही म्हणता आलं की यात अरब देशांतून बाहेर पडावं लागलेले ज्यू निर्वासितही येतात. त्यांचंही दुःख खरंच आहे, पण मुद्दा हा की नाव न घेतल्याने कोणालाही काहीही वाचता येतं.

इतकी वर्षं मी 'द' वर विचार करत होते आणि हे मला माहीत असूनही मी त्याला दुय्यम समजत होते. उपपदाचा वाद हा इंग्रजी-फ्रेंच जाणणाऱ्या राजदूतांचा वाद, त्यात दोन्ही बाजूंना वकील होते. पण ज्यांचं नावच नाही त्यांना व्याकरणाचा वाद घालायलाही जागा नव्हती. वेस्ट बँक जॉर्डनची, गाझा इजिप्तकडे, असं धरून सगळी बोलणी देशादेशांत झाली. आणि याची जुनी सवय आहे. २ नोव्हेंबर १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्यात, ज्यात ब्रिटनने पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा दिला होता, म्हणजे २४२ च्या बरोबर पन्नास वर्षं आणि वीस दिवस आधी, तिथल्या अरबांचा उल्लेख होता 'सध्या असलेले बिगर-ज्यू समाज' असा. तेव्हा ते तिथले बहुसंख्य लोक होते! आणि गंमत नाही पण योगायोग बघा, त्या जाहीरनाम्यातही उपपदाचीच झटापट झाली होती, झायोनिस्ट, म्हणजे ज्यूंच्या राष्ट्रीय चळवळीच्या, नेत्यांनी दिलेल्या आधीच्या मसुद्यात पॅलेस्टाइन हेच ज्यूंचं राष्ट्रीय घर असावं अशा अर्थाचा 'द' होता, शेवटच्या मजकुरात झालं पॅलेस्टाइन'मध्ये' 'एक' राष्ट्रीय घर. दोन्ही कागद ब्रिटिशांनी लिहिले, दोन्हींत उपपदावर महिनोन्‌महिने डोकं लावलं आणि दोन्हींत तिथल्या माणसांचं नाव नाही.

पीएलओने, म्हणजे पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेने, २४२ वर्षानुवर्षं नाकारला त्याचं मोठं कारण हेच होतं, की आम्ही एक लोकसमूह आहोत, हा ठराव आम्हाला फक्त निर्वासित समजतो. त्यांनी इस्रायलचं अस्तित्वच नाकारलं होतं हेही कारण होतं, ते झाकायचं नाही. पण पुढे काय झालं बघा, १९७५ मध्ये अमेरिकेने इस्रायलला वचन दिलं की पीएलओ २४२ मान्य करेपर्यंत आम्ही त्यांच्याशी बोलणार नाही. म्हणजे ज्या ठरावात तुमचं नाव नाही त्यावर आधी सही करा, मग तुमच्याशी बोलू. तेरा वर्षं ही अट राहिली. नोव्हेंबर १९८८ मध्ये अल्जियर्सला पीएलओने शेवटी २४२ स्वीकारला, डिसेंबरमध्ये अमेरिकेने बोलणी सुरू केली, इस्रायल आणि पीएलओ यांच्यातल्या १९९३ च्या ऑस्लो करारात लिहिलं की अंतिम तोडगा २४२ आणि ३३८ च्या अंमलबजावणीकडे नेईल. मधल्या काळात जुलै १९८८ मध्ये जॉर्डनने वेस्ट बँकवरचा हक्क सोडून दिला होता. मग प्रदेश परत करायचे ते कोणाला, हा प्रश्न १९६७ चा कागद हातात घेऊन सोडवायचा होता, आणि त्या कागदावर ते उत्तर नव्हतंच.

गोलानचंही तसंच राहिलंय. १९८१ मध्ये इस्रायलने तिथे आपला कायदा लावला, सुरक्षा परिषदेने ठराव ४९७ ने तो एकमताने रद्दबातल ठरवला, आणि मार्च २०१९ मध्ये अमेरिकेने तिथलं इस्रायलचं सार्वभौमत्व मान्य केलं. डिसेंबर २०१६ च्या ठराव २३३४ मध्ये परिषदेने लिहिलं की ४ जून १९६७ च्या रेषेतला कुठलाही बदल वाटाघाटीशिवाय मान्य करणार नाही, म्हणजे एकोणपन्नास वर्षांनी तारीख आणि रेषा दोन्ही कागदावर आल्या. जुलै २०२४ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लागार मत दिलं की व्याप्त पॅलेस्टिनी प्रदेशातलं इस्रायलचं अस्तित्व बेकायदेशीर आहे. व्याप्त पॅलेस्टिनी प्रदेश, असं नावासकट. पण तेव्हा गाझात जे चालू होतं ते आपण सगळे फोनवर बघत होतो, आणि न्यायालयाचं पान वाचताना माझ्या डोळ्यांसमोर पानावरची अक्षरं टिकत नव्हती.

तर भाचीला मी शेवटी काय लिहून दिलं ते सांगते. 'सर्व' काढला आणि वाक्य केलं, 'अलीकडच्या संघर्षात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायली सैन्याची माघार', आणि खाली टीप दिली की इंग्रजी मजकुरात इथे निश्चित उपपद नाही, फ्रेंचमध्ये आहे, आणि भारताने मतदानाच्या वेळी याचा अर्थ 'सर्व प्रदेश' असा घेत असल्याचं सांगितलं होतं. परीक्षेत याचे किती मार्क मिळतील माहीत नाही पण ती म्हणाली मी हेच लिहिणार.

मग पुढचा शब्द आला. 'पॅलेस्टिनी निर्वासितांच्या प्रश्नावर'. नोट्स लिहिणाऱ्याने चांगल्या मनानेच घातला असणार तो, वाचणाऱ्याला कळावं म्हणून. मूळात नाही. इतकी वर्षं हे काम करतेय, मूळात नसलेला शब्द काढायला मला कधी वेळ लागत नाही. हा काढताना मी पेन हातात धरून बराच वेळ बसले होते. मग त्यावर रेघ मारली आणि तिला पाठवलं.